मंडईंतील देवघेव आणि सोपेपणाची कला

पुण्याच्या मंडईंत सकाळच्या प्रहरीं उभा राहिलेला मनुष्य दहा मिनिटांत पांचपंचवीस व्यवहार होतांना पाहतो. भाव विचारला जातो, थोडी घासाघीस होते, कांटा स्थिरावतो, पैसे दिले जातात, आणि गिऱ्हाईक पुढें जातें. यांत कांहीं विशेष आहे असें कोणास वाटत नाहीं. परंतु या एवढ्याशा व्यवहाराच्या पोटांत काय काय दडलें आहे याची मोजदाद केली तर मन थक्क होतें. अंकांचीं नांवें, नाण्यांचे आकार, वजनांचीं मापें, सरकारचा कायदा, आणि अलीकडे तर दूरच्या बँकेंतील संगणकाचा निरोप, इतक्या साऱ्या व्यवस्था एका कोथिंबिरीच्या जुडीमागें उभ्या असतात; आणि जिला अक्षरओळख नाहीं अशी विक्रेतीहि त्या बिनचूक वापरते. हें आपोआप घडलेलें नाहीं. प्रत्येक ठिकाणीं कोणी तरी विचार केला, अडलें तेथें दुरुस्ती केली, आणि मग तें सोपें झालें.

अवघड माहिती व गुंतागुंतीच्या व्यवस्था सामान्य माणसाच्या हातीं सुकर करून देण्याच्या विद्येस अलीकडे ‘कम्युनिकेशन डिझाइन’ असें नांव पडलें आहे. मराठींत तिला आपण संवादरचना म्हणूं. मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें १९६९ सालीं औद्योगिक रचनेचें केंद्र निघालें, तेथें ही विद्या पदवीसाठीं शिकवितात. विषयाचें नांव ऐकून विद्यार्थ्यांस वाटतें कीं, ही सुंदर अक्षरें काढण्याची अथवा जाहिराती रंगविण्याची कला असावी. अक्षरें व रंग तींत येतात खरे. पण तिचा मुख्य प्रश्न निराळा आहे. दोन माणसांत देवघेव चालली असतां त्यांतील जो दुबळा, ज्याला वाचतां येत नाहीं किंवा लेखी हिशेब येत नाहीं, त्याला आपली फसगत होत नाहीं हें स्वतःच्या डोळ्यांनीं, कानांनीं किंवा बोटांनीं पडताळतां येतें कीं नाहीं? सोपेपणाची कसोटी आमच्या मतें हीच. आणि ती लावून पाहण्यास मंडईसारखी दुसरी जागा नाहीं.

प्रथम इमारतीकडे पाहूं. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील मैदानांत उघड्यावर भरत असे. नगरपालिकेंत पक्क्या मंडईची योजना निघाली तेव्हां जोतीराव फुले हे तेथें सभासद होते. त्यांनीं या खर्चास विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें होतें. इमारत १८८६ सालीं पुरी झाली, व तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणूं लागले. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत निवडून गेले असतां त्यांच्या पुढाकारानें तिला महात्मा फुले यांचें नांव मिळालें. ज्यांनीं विरोध केला त्यांचेंच नांव इमारतीस! पुण्यास शोभेल असाच हा प्रकार आहे. पण तो आमचा विषय नव्हे.

आमच्या विषयाचा भाग म्हणजे तो मनोरा. इमारतीची रचना अष्टकोनी, मध्यभागीं उंच मनोरा, आणि भोंवतीं गाळ्यांच्या ओळी. अशा इमारतींत वाट चुकलेल्या माणसास पाटी वाचावी लागत नाहीं. मान वर करून मनोरा पाहिला कीं आपण मध्यापासून किती दूर व कोणत्या बाजूस आहों हें कळतें. आतां याच परिसरांत जमिनीखालून मेट्रो जाते. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग २९ सप्टेंबर २०२४ रोजीं सुरू झाला, आणि मंडईस स्वतःचें स्थानक मिळालें. भुयारांत मनोरा दिसत नाहीं, म्हणून तेथें मनोऱ्याचें काम रंगांवर सोंपविलें आहे: पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटास येणारी मार्गिका जांभळी, वनाजहून रामवाडीस जाणारी निळसर, आणि दोहोंची गांठ जिल्हा न्यायालय स्थानकावर. मार्गिकांचे असे नकाशे काढतांना नदी कोठें वळली, रस्ता कोठें वांकला, हें सारें गाळून सरळ रेषा व ठिपके तेवढे ठेवण्याची चाल जगभर आहे. ती रूढ केली लंडनच्या हॅरी बेक यानें. हा विजेच्या जोडण्यांचे आराखडे काढणारा गृहस्थ. १९३१ सालीं त्यानें त्याच धर्तीवर भुयारी रेल्वेचा नकाशा काढला, व १९३३ सालीं तो छापून प्रवाशांच्या हातीं पडला. भूगोलाच्या शिक्षकास असा नकाशा खोटा वाटेल. पण जमिनीखालच्या प्रवाशाला दोनच गोष्टी हव्या असतात, गाडी कोठें बदलावी आणि कोठें उतरावें. त्या दोन त्यास तत्काळ सांपडतात.

माहिती गाळल्यानें काम सोपें होतें, एवढेंच पाहून थांबलें तर मात्र घोटाळा होईल. गाळणें आणि लपविणें यांत अंतर आहे, आणि तें अंतर दाखविणारा उत्तम दाखला आपल्याच घाऊक बाजारांनीं ठेवला आहे. पूर्वी अनेक ठिकाणीं हत्ता पद्धति चालत असे. दलाल व खरेदीदार आपले हात उपरण्याखालीं घेत आणि एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. शेतकरी शेजारींच उभा असे. माल त्याचा, घाम त्याचा, पण भाव त्याला दिसत नसे व ऐकूंहि येत नसे. दलाल शेवटीं सांगेल तो आंकडा खरा मानणें त्याच्या नशिबीं येई. बोटांच्या खुणांनीं बोलण्याच्या कलेस आपल्याकडे करपल्लवी असें गोड नांव आहे, आणि व्यापाऱ्यांनीं अंकांना दिलेल्या गुप्त नांवांची तर नंदभाषा म्हणून एक स्वतंत्र बोलीच होती. केवळ कारागिरी म्हणून पाहिलें तर या पद्धति अप्रतिम आहेत. शब्दावांचून, कागदावांचून, बाजाराच्या गोंगाटांत, क्षणार्धांत सौदा पुरा! आजच्या एखाद्या रचनाकारानें हेवा करावा अशी ती सफाई होती. परंतु ती दोघांपुरती होती. तिसऱ्याला, म्हणजे ज्याच्या पोटाचा प्रश्न होता त्याला, बाहेर ठेवण्यासाठींच ती घडविलेली होती.

यावरचा उपाय हळूहळू आला. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं, म्हणजे आमची मंडई पुरी झाली त्याच सालीं, कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १९२८ सालीं लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशननें असे नियंत्रित बाजार सर्वत्र असावेत अशी शिफारस केली. १९३९ सालीं मुंबई इलाख्यानें शेतीमालाच्या बाजारांचा कायदा केला, आणि १९६३ सालीं महाराष्ट्र राज्यानें आपला स्वतंत्र कायदा केला. यांतून उपरण्याखालचा हात जाऊन उघडा लिलाव आला. उघड्या लिलावांत वेळ अधिक जातो, घसा बसतो, गर्दी होते. तरीहि आम्ही त्यालाच सोपा म्हणूं. कारण बोली शेतकऱ्याच्या कानांवर पडते. पुण्याचा घाऊक व्यापार पुढें गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला, आणि मंडई किरकोळ विक्रीसाठीं राहिली.

किरकोळ विक्रींत फसगत व्हावयाची ती वजनांत आणि पैशांत. या दोहोंची उलथापालथ स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत झाली, आणि एवढी मोठी व्यवस्था एवढ्या मोठ्या निरक्षर समाजांत कशी बदलली गेली ही कथा आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावी.

१९५७ सालच्या मार्चअखेरपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, आणि पैशाच्या तीन पै असा हिशेब होता. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. कागदावर पाहतां हा बदल सुखाचा. दहानें गुणावें, दहानें भागावें. अडचण होती ती जुन्या-नव्याच्या सांध्यावर. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, आणि सव्वासहाचें नाणें असूं शकत नाहीं. म्हणून सरकारनें कोष्टक दिलें: एक आणा म्हणजे सहा, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे. अर्धा नवा पैसा किंवा त्याहून कमी असेल तो सोडावा, अधिक असेल तर पुरा धरावा, असा नियम. आतां हाच हिशेब भाजीवालीच्या बाजूनें करून पाहा. आण्याची एक अशा चार जुड्या तिनें चार गिऱ्हाइकांस विकल्या तर तिच्या हातीं चोवीस नवे पैसे येतात. त्याच चार जुड्या एका गिऱ्हाइकानें घेतल्या तर पंचवीस. कोष्टक बरोबर, बेरीज बरोबर, आणि तरीहि एक पैसा कोठें गेला हें तिला कोणी समजावून सांगूं शकत नाहीं. ज्यांना वाटतें कीं तक्ता छापून भिंतीवर लावला म्हणजे लोकांस समजलें, त्यांनीं या एका पैशाचा विचार करावा.

मग लोकांस आधार कशाचा मिळाला? तक्त्यापेक्षां नाण्यांचाच अधिक मिळाला असें आम्हांस वाटतें. चार आण्यांची पावली व आठ आण्यांची अधेली हीं पंचवीस व पन्नास नव्या पैशांशीं तंतोतंत जुळत होतीं. त्यामुळें ज्या दोन पायऱ्यांवर बाजाराचा पाय नेहमीं पडे त्या हलल्या नाहींत. जुनीं नाणीं एकदम रद्द न करितां कांहीं काळ नव्यांबरोबर चालूं दिलीं. आणि नव्या नाण्यांचे आकार असे ठेवले कीं अंक न वाचतां हातास ओळख पटावी: एक पैसा लहान, गोल व तांबूस, दोनचें नाणें पाकळीदार कडेचें, पांचचें चौकोनी, दहाचें पुन्हा पाकळीदार, पण मोठें. कनवटीच्या पिशवींत हात घालून, गिऱ्हाइकाकडे पाहत, बोटांनीं चाचपून मोड काढतां यावी एवढी ती सोय होती. ‘नवा’ हा शब्दसुद्धां एक पाटीच होती. जुन्या पैशाशीं गल्लत होऊं नये म्हणून लावलेली. काम झाल्यावर, १ जून १९६४ रोजीं, ती काढून टाकली व नुसता ‘पैसा’ राहिला. बोलण्यांतील आणे मात्र गेले नाहींत. पंचवीस पैशांचें नाणें ३० जून २०११ रोजीं चलनांतून गेलें, तरी ‘चार आण्याची अक्कल नाहीं’ हें बोलणें आजहि ऐकूं येतें.

हें शहाणपण एकदां आलें म्हणजे कायमचें राहतें असेंहि नाहीं. या शतकाच्या आरंभीं एक व दोन रुपयांचीं नाणीं एकमेकांसारखीं निघूं लागलीं, आणि दृष्टिहीनांची मोठी पंचाईत झाली. २०१९ सालीं जाहीर झालेल्या मालिकेंत त्यांची सोय ध्यानीं घेतली गेली. तींतील वीस रुपयांचें नाणें बारा कोनांचें आहे.

वजनांची गोष्ट याहून चमत्कारिक. शेर म्हणजे किती, हें पूर्वी गांवावर अवलंबून असे. धान्य तर तोलण्यापेक्षां मापानेंच अधिक जाई; पायली, शेर, मापटें, चिपटें. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर आजच्या मापानें सुमारें ९३३ ग्रॅम भरतो. १९५६ सालीं दशमान वजनांचा कायदा झाला व १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें किलोग्रॅम आला. नवीं लोखंडी वजनें षट्कोनी, त्यांच्या पोटांत शिशाची भर, व तिच्यावर निरीक्षकाचा छाप. छाप नसेल तर वजन संशयास्पद. येथवर सरकारचें काम झालें. पुढचें काम भाषेनें केलें. पक्क्या शेराचा पाव सुमारें २३३ ग्रॅम, किलोचा पाव २५० ग्रॅम, अंतर थोडें. लोकांनीं तें अंतर मुकाट्यानें गिळून जुना शब्द नव्या वजनावर बसविला. मंडईंत आजहि गिऱ्हाईक ‘पावशेर मिरच्या’ मागतें आणि त्यास अडीचशें ग्रॅम मिळतात. अशी घडलेली रचना कोणत्याहि कार्यालयांत आंखतां आली नसती.

तराजूची जागा आतां बहुतेक विजेच्या कांट्यानें घेतली आहे. त्याविषयींच्या नियमांत आम्हांस एक गोष्ट फार आवडली. किरकोळ विक्रीच्या कांट्यावरील आंकडा विक्रेत्यास व गिऱ्हाइकास एकाच वेळीं दिसला पाहिजे, असें बंधन आहे. म्हणून चांगल्या कांट्यास दोन तोंडें असतात. बायबलांतील नीतिसूत्रांच्या पुस्तकांत खोट्या तराजूविषयीं किती कडक शब्द आहेत, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. तो उपदेश विक्रेत्याच्या अंतःकरणास उद्देशून आहे. दोन तोंडांचा कांटा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस उद्देशून. बाजारास दोहोंची गरज आहे.

कांट्यावर अंक दिसला तरी तो वाचतां आला पाहिजे, आणि येथें आपली मराठी जरा हट्टी आहे. २५ लिहितांना आपण दोन आधीं लिहितों, पण ‘पंचवीस’ म्हणतांना पांच आधीं उच्चारतों. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांनीं किती बालकांचे डोळे पाणावले असतील! पुण्याच्याच बालभारतीनें २०१९ सालीं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हां महाराष्ट्रभर गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचें म्हणणें इतकेंच होतें कीं, मुलांना यानें अंकांची घडण लवकर उमगेल. विधानसभेंत थट्टा झाली, वर्तमानपत्रांत विनोद झाले. आमचें मत विचाराल तर वर्गांत दोन्ही रीती चालाव्यात. मंडईंतली बाई अंक कानानें शिकलेली असते. तिला ‘पस्तीस’ हा एक अखंड शब्द आहे, त्याचे तीन व पांच असे तुकडे तिला कधीं करावे लागत नाहींत. मूल डोळ्यानें शिकतें, आणि त्याची अडचण नेमकी त्या तुकड्यांची असते.

आतां सर्वांत नव्या व्यवस्थेकडे येऊं. एप्रिल २०१६ मध्यें नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें यूपीआय ही पैसे पाठविण्याची व्यवस्था सुरू केली. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं पांचशें व हजारांच्या जुन्या नोटा रद्द झाल्याचें जाहीर झालें, आणि पुढील कांहीं वर्षांत मंडईच्या गाळ्यागाळ्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन लटकूं लागला. हा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनींत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं शोधला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील ठळक चौकटी पाहून यंत्राला दिशा कळते, म्हणून तो उलटा धरला तरी वाचतां येतो. माहिती त्यांत अशा रीतीनें पुनरुक्त केलेली असते कीं थोडा भाग मळला वा फाटला तरी बिघडत नाहीं; पालेभाजीच्या ओल्या हातांच्या जागीं हा गुण मोलाचा.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें ही व्यवस्था फारच सोपी झाली. सुटे पैसे नकोत, हिशेब नको. विक्रेतीच्या दृष्टीनें मात्र ती आरंभीं उपरण्याखालच्या हातासारखीच होती! गाळ्यावर लावलेल्या कोडांत तिच्या खात्याचा पत्ता तेवढा असतो. रक्कम गिऱ्हाईक आपल्या फोनवर लिहितें, आणि पैसे गेल्याची हिरवी खूण गिऱ्हाइकाच्याच फोनवर उमटते. समोरून कोणी फोन क्षणभर नाचवून ‘गेले बरं का मावशी’ म्हणालें, तर मावशींनीं तें मानावयाचें. स्वतःच्या फोनवर संदेश येई, पण गिऱ्हाइकांच्या गर्दींत, वांगीं तोलतां तोलतां, तो उघडून कोण वाचणार? बनावट खुणा दाखविणारे निघाले. दुसऱ्याच्या कोडावर आपला कोड चिकटविणारेहि निघाले.

याचा उपाय एका लहानशा बोलक्या डबीनें केला. तींत मोबाइलचें सिमकार्ड व कर्णा असतो. खात्यांत पैसे जमा झाले कीं ती रक्कम मोठ्यानें बोलते, आणि मराठींत बोलते. तंत्राच्या दृष्टीनें ही डबी क्षुल्लक आहे; जी माहिती आधींच फोनवर येत होती तीच ती पुन्हा सांगते. पण हात गुंतलेले आणि डोळे तराजूवर असतांना मोकळा राहतो तो कान, ही गोष्ट हेरणाऱ्याला आम्ही मनापासून शाबासकी देतों. शिवाय ती रक्कम गिऱ्हाइकास, शेजारच्या गाळ्यास व रांगेंतल्या पुढच्या माणसासहि ऐकूं जाते. उघड्या लिलावाचा जो गुण, तोच येथें पुन्हा आला. दोष आहेत: शेजारशेजारच्या चार डब्या एकदम बोलल्या कीं कोणाची कोणती हें कळत नाहीं, आणि संपर्क तुटला कीं डबी मुकी होते.

एक गांठ मात्र अजून पुरती सुटलेली नाहीं, आणि ती आमच्या विद्यार्थ्यांनीं घरच्या वडील माणसांस समजावून द्यावी. गुप्त अंक, म्हणजे पिन, द्यावा लागतो तो पैसे देतांना. घेतांना कधींच नाहीं. व्यवस्थेंत पूर्वी पैशाची मागणी पाठविण्याची सोय होती. लबाड लोक ‘तुम्हांस पैसे पाठविले आहेत, स्वीकारण्यासाठीं पिन घाला’ असें सांगून अशी मागणी पाठवीत, आणि भोळा माणूस पिन घालून स्वतःचेच पैसे घालवी. इशारे पुष्कळ दिले गेले. शेवटीं ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीव्यक्तींमधील ही मागणीची सोयच बंद करण्यांत आली. कोड दाखवून तीच लबाडी अजून चालते. म्हणून कोणी ‘पैसे घेण्यासाठीं हा कोड स्कॅन करा’ म्हणालें तर फोन खालीं ठेवावा. आणि मंडईंतल्या बायका करतात तसें, डबी बोलेपर्यंत पिशवी हातांतून सोडूं नये.